डॅनियल अंकल चहाला येतात

डॅनियल अंकल माणसं मोजायचे. गुराखी संध्याकाळी गुरं मोजतो तशी, बोट पुढे करून आणि ओठ हलवत.

आमच्या गावाला लोक समुद्रकिनारा म्हणतात, पण खरं तर ते टेम्सचं तोंड आहे. ओहोटी लागली की पाणी मैलभर मागे सरकतं आणि चिखल उघडा पडतो. वरून तो इतका गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो की त्यावरून चालत जावंसं कुणालाही वाटावं. लंडनमधला इल्फर्डचा फ्लॅट विकून आम्ही इथे राहायला आलो त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी किनाऱ्याच्या भिंतीवरून चालत होते आणि मागून ऐकू आलं, "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... आणि एक कुत्रा."

मी गर्रकन वळले. बाकावर एक सावळा, काटकुळा म्हातारा. डोक्याला लोकरीची टोपी, मांडीवर थर्मास. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मोजताना मराठी. इंग्लिशमध्ये मोजलं की नुसते नंबर होतात, माणसं वाटत नाहीत." मग, "कुठली गं तू, बाय?"

"ठाण्याची."

"म्हणजे खाडीवरची. मग चिखल कळत असेल."

"खाडीवरनं आम्ही नाक दाबून पुलावरून जायचो, अंकल. चिखल कशाला कळतोय?"

ते हसले. पुढचे दात दोनच होते, पण हसताना ते कधी तोंडावर हात धरत नसत.

डॅनियल कोर्लेकर मूळचे अलिबागकडचे. आमच्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या मराठी ज्यू लोकांपैकी. भायखळ्याला वाढले, विशीत लंडनला आले, आणि रेल्वेच्या सिग्नलच्या कामात त्यांचा जन्म गेला. बायको गेल्यावर ते या गावात आले आणि कोस्टगार्डच्या स्वयंसेवक पथकात शिरले. हे पथक म्हणजे गावातलीच माणसं. कुणी प्लंबर, कुणी शिक्षक. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं, निळे कपडे चढवायचे आणि चिखलात रुतलेल्यांना घसरगाडीवर घालून आणायचं. मी ओळखायला लागले तेव्हा अंकल सत्तरीला टेकले होते. चिखलात उतरणं बंद झालं होतं, पण पेजर मात्र कमरेला होताच.

त्यांच्या समाजात एक कथा सांगतात, की त्यांचे पूर्वज कोकण किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि त्यातली मोजकीच माणसं जगली. अंकल ती कथा इतक्या सहज सांगत की जणू त्यांच्या आजोबांचीच गोष्ट. "आमची सगळी जात म्हणजे बुडालेल्यांतली उरलेली," ते म्हणायचे. "उरलेल्यानं मोजायचं असतं. बुडालेला काय मोजणार?"

कुणी जिवंत हाती लागलं की दुसऱ्या दिवशी ते मलिदा करायचे. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळांचे काप. परात घेऊन पथकाच्या ठाण्यावर जायचे आणि तिथल्या आडदांड गोऱ्या माणसांना चमच्यानं वाढायचे. पोहे इल्फर्डहून मीच आणून देत असे. शनिवारी ते गॅसलाही हात लावत नसत, पण शनिवारी पेजर वाजला तर सगळ्यांच्या आधी दारात हजर. मी एकदा चिडवलं, "अंकल, देवाला चालतं का हे?" तर म्हणाले, "जिवासाठी शनिवार मोडायचा, असं त्यानंच लिहून ठेवलंय. सोमवार मोडायचं मात्र कुठे लिहिलेलं नाही, म्हणून सोमवारी मी डेंटिस्टकडे जात नाही."

पण या व्यक्तीबद्दल मला सांगायचं आहे ते त्यांच्या चहाबद्दल.

पथकात यायचं म्हणून कुणी अर्ज केला, की अंकल त्याच्या घरी चहाला जात. हा काही नियम नव्हता. पथकाचा प्रमुख ग्रॅहम त्यांना तसं करू देत असे, इतकंच. मुलगी बघायला जावं तसे ते कोट घालून जायचे, बिस्किटांचा पुडा न्यायचे, आणि अर्ज करणाऱ्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलायचे त्याच्या बायकोशी, नवऱ्याशी, आईशी. घरात जो मागे बसणार त्याच्याशी. मग येऊन ग्रॅहमला एका शब्दात सांगायचे, 'हो' किंवा 'थांबा'. अंकलच्या 'थांबा'वर ग्रॅहमनं कधी कुणाला घेतलं नाही.

मी ऐकलं तेव्हा भडकलेच. "म्हणजे बाईनं अर्ज केला तर तुम्ही नवऱ्याची परवानगी मागणार? कुठल्या काळात आहात?"

"परवानगी कोण मागतंय? तू चिखलात असताना घड्याळ कोण बघत बसणार, ते विचारतो," ते म्हणाले.

यामागे पथकातलाच कीथ नावाचा माणूस होता. अंकल पथकात नवे असताना एक बाई रुतली होती, ओरडत होती. चिखलात एकट्यानं पळायचं नाही हा पहिला नियम, आणि अंकल पळाले. त्यांची बायको घरात पडून वारली तेव्हा ते शेजारच्या खोलीत बातम्या ऐकत बसले होते, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. ओरडणाऱ्या कुठल्याही बाईकडे ते पळालेच असते. बाई वाचली. अंकल मात्र कमरेपर्यंत रुतले आणि त्यांना ओढून काढताना कीथची पाठ कायमची गेली. त्याच्या घरी सांगायला अंकल गेले. कीथची बायको दारातच म्हणाली, "मला कुणी काही विचारलंच नव्हतं." तेव्हापासून हा चहा.

"फेडायला येणारा माणूस नको," ते म्हणायचे. "तो सगळ्यांच्या पुढे पळतो, आणि मागच्याला खड्ड्यात घालतो."

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय अंकल पुरे व्हायचे नाहीत.

आम्ही इथे आलो त्याच उन्हाळ्यातली एक दुपार. मी भिंतीवर उभी राहून फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवला तर शेजारी एक माणूस हसतमुखानं उभा. "मराठी? अहो, केव्हापासून ऐकतोय! कुठल्या तुम्ही?" सुहास नाव. सांगलीचा, लेस्टरला राहणारा, कंपनीच्या सहलीबरोबर आलेला. इंग्लंडात आपण मराठी ऐकलं की कसे विरघळतो ते मी सांगायला नको. पाच मिनिटांत मला त्याच्या बायकोचं माहेर कळलं आणि त्याला माझ्या नवऱ्याचं हॉस्पिटल. आमच्या मागे दहा पावलांवर कौन्सिलचा लाल-पिवळा फलक होता. भरतीच्या वेळा, काय करू नये, सगळं लिहिलेलं. त्यानं फलक वाचला नाही. मराठी बाई भेटल्यावर फलक कोण वाचतो? त्यानं चिखलाकडे बोट करून मला विचारलं, "पुढे जाता येतं ना हो?"

मी म्हटलं, "जा की. सगळे जातात. आत गेल्यावर छान वाटतं एकदम."

गावात मला तीन महिने झाले होते आणि मी जणू इथलीच जन्मलेली. भरतीची वेळ मी त्या दिवशी पाहिलेली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. पाणी वळलं तेव्हा अंकलनी बाकावरून उठून शिट्टी मारली. सगळे परत आले. एक आला नाही. पथक निघालं, पण इथे भरती समोरून येत नाही. ती आधी बाजूच्या ओघळींतून मागे येते आणि मग सगळीकडून. ते पोचायला शंभरेक पावलं उरली होती तेव्हा पाणी त्याच्या छातीच्या वर गेलं. मी भिंतीवर उभी होते. दोन्ही हातांनी तोंड दाबून मी ते सगळं पाहिलं, शेवटपर्यंत. पुढच्या ओहोटीला तो सापडला.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. निखिलला, माझ्या नवऱ्याला, इतकंच म्हटलं की आज किनाऱ्यावर कुणी बुडालं. त्यानं "अरेरे" म्हटलं आणि लेकीचा डबा धुतला. मी स्थानिक पेपर वाचणं सोडून दिलं. अपघाती मृत्यू झाला की इथे कोरोनर नावाचा न्यायाधिकारी चौकशी करतो; ती कधी झाली तेही मी कळू दिलं नाही स्वतःला.

दीड वर्षानं मी पथकात अर्ज केला. का केला ते तुम्हाला दिसतंच आहे. मला मात्र तेव्हा खरंच वाटत होतं की समाजासाठी काहीतरी करावं म्हणून करते आहे. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

अंकल कोट घालून आले. बिस्किटांचा पुडा आणला. मी पोहे केले होते. ते खाल्ले, चांगले झालेत म्हणाले आणि निखिलकडे वळून बसले.

"निखिलराव, ही चिखलात जाणार. तुमचं काय?"

"माझा फुल सपोर्ट आहे, अंकल," निखिल म्हणाला. "शिफ्ट अ‍ॅडजस्ट करू. छोटीला मी बघेन. तिला खूप दिवसांपासून करायचंय हे."

"का करायचंय?"

"का म्हणजे... लोकांना मदत."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, डॉक्टर थर्मामीटर वाचताना बघतो तसं. मी बश्या उचलायला लागले. त्यांनी चहा संपवला, कोटाची बटणं लावली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर गेले तर ते म्हणाले, "मी 'थांबा' सांगितलंय."

मी तोंडाला येईल ते बोलले. म्हाताऱ्याचं वेड काय, बायकांचा दुस्वास काय, वाटेल ते. अंकल समोर बघतच म्हणाले, "तो सांगलीचा पोरगा तुझ्याशी बोलत उभा होता. मी पाहिलं होतं, बाय."

मी बाकावर बसले.

"कोरोनरच्या चौकशीला, इन्क्वेस्टला, त्याची बायको आली होती," अंकल सांगू लागले. "चिखलातनं त्यानं तिला फोन केला होता. सांगितलंन की एका बाईनं सांगितलं, जा म्हणून. आपली मराठी बाई होती, म्हणाला. कोरोनरनं मला विचारलं, तुम्ही दिवसभर तिथे बसता, अशी कुणी बाई पाहिलीत का? मी म्हटलं, गर्दी होती, सांगता येत नाही."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"माझा हात आमच्या पुस्तकावर होता," ते म्हणाले. "सत्तर वर्षांत शपथेवर खोटं बोललो नव्हतो. एकदाच बोललो. तुझी पोर लहान आहे, तू परक्या गावात नवी आहेस, तुझी नोकरी जाईल, पेपरात फोटो येईल, असलं काय काय मनात आलं. आपली बाय, म्हटलं. तेवढंच. तोही आपलाच होता, हे मला बाहेर पडल्यावर सुचलं. त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर माझे आभार मानत होती."

मी विचारलं, "मग आता मी काय करू?"

"ते मला नको विचारू. चिखलात उतरून ते फिटेल असं वाटतंय तुला. नाही फिटत. मला विचार, कीथला विचार. आधी घरी सांग. मग बघू."

मी घरी सांगितलं नाही. उलट अंकलशी बोलणं टाकलं. आठ महिने मी भिंतीच्या त्या बाजूला गेले नाही. माझ्यासाठी ज्यानं स्वतःच्या देवापुढे खोटं सांगितलं, त्याला मी आठ महिने टाळलं. याची लाज मला आजही वाटते, आणि ती कमी व्हावी अशी माझी इच्छाही नाही.

मग ग्रॅहमचा फोन आला. डॅनी हॉस्पिसमध्ये आहे, स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार दिवस नाहीत.

मी गेले. उशीवर टोपी तेवढी ओळखू येत होती. ते म्हणाले, "सांगितलंस?"

"नाही."

"बरं. निदान खोटं तरी नाही बोललीस." मग दम घेऊन, "मी गेलो की ग्रॅहम तुला बोलावेल. माणसं कमी पडतात त्याला. तो काही चहाला येणार नाही. तेव्हा तुझं तूच बघ."

"अंकल, मी त्याच्या बायकोला जाऊन सांगितलं तर तुमचं खोटं..."

"माझं नाव काढायचं तर काढ," ते म्हणाले. "मी झाक म्हणणार नाही. मला त्याचं उत्तर दुसरीकडे द्यायचंच आहे." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बोलणं संपलं की ते असेच संपवत असत.

त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. त्यांच्यात पुरायला उशीर करत नाहीत, दुसऱ्याच दिवशी पुरलं. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. आले सातच, त्यातले दोघे काठी टेकत. पथकातली चौदा माणसं निळ्या कपड्यांत उभी होती, पण ती हिशेबात धरता येत नव्हती. ती प्रार्थना राहूनच गेली. एका म्हाताऱ्यानं मराठीत स्तोत्र म्हटलं आणि मूठमूठ माती टाकून आम्ही निघालो. ग्रॅहम फाटकापाशी रडला. म्हणाला, माझ्या आयुष्यात इतका सच्चा माणूस मी पाहिला नाही. मग खिशातून रुमाल काढत म्हणाला, "तुझा अर्ज अजून माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात नवी तुकडी घेतोय. येशील?"

मी कळवते म्हटलं.

त्या संध्याकाळी मी निखिलला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यानं एकदाच विचारलं, "तू नेमकं काय म्हणालीस त्याला?" मी तेच शब्द पुन्हा म्हटले. आमच्या स्वयंपाकघरात ते शब्द फार हलके वाटले. निखिल उठला, खिडकीशी गेला. तो म्हणाला, "सव्वादोन वर्षं माझ्याशेजारी झोपत होतीस." अजूनही आमच्यात काहीतरी पूर्वीसारखं नाही. पण लेस्टरला गाडी त्यानंच चालवली.

सुहासच्या बायकोचं नाव वर्षा. तिला मी आधी पत्र लिहिलं होतं, त्यामुळे तिला ठाऊक होतं मी कोण ते. निखिल गाडीत थांबला. तिनं दार उघडलं आणि मला आत घेतलं. पाणी दिलं. आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी देतात म्हणून दिलं, आणि ग्लास माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. मी माझं सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, म्हातारी वगैरे असेल कुणी," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याच वयाच्या आहात."

मी हो म्हटलं.

"तो फोनवर तुमच्याबद्दल किती आनंदानं सांगत होता, माहितीये? पाय निघत नव्हता तरी. म्हणाला, ठाण्याच्या आहेत, फार छान बोलल्या." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "आता काय करणार तुम्ही?"

काहीतरी बरं सांगावं म्हणून मी म्हटलं, "मी तिथल्या बचाव पथकात जाण्याचा विचार करते आहे."

"म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढलंत की तुमचं संपणार?" वर्षा म्हणाली. "आणि माझं?"

हाच प्रश्न अंकलनी माझ्या घरी चहा पिताना विचारला होता, फक्त सभ्यपणे आणि न बोलता. ग्रॅहमला मी 'नाही' असं कळवायचं, हे त्या खुर्चीत बसल्या बसल्या ठरलं. चिखलात माझ्या मागून येणाऱ्या कुणाच्या तरी घरी दुसरी वर्षा असणार होती. मी पुढे पळाले असते, हे मला आता पक्कं ठाऊक होतं.

मी उठले. वर्षा दारापर्यंत आली. माझी चप्पल घालून होईपर्यंत ती उभी राहिली आणि मग म्हणाली, "एक विचारू? तिथे एक म्हातारे काका होते, आपल्यातलेच. इन्क्वेस्टला आले होते. एवढ्या माणसांत ते एकटेच माझ्याशी मराठीत बोलले. गेल्या वर्षी त्या तारखेला त्यांचं पत्र आलं होतं, या वर्षी आलं नाही. त्यांनी तुम्हाला दोघांना बोलताना पाहिलं नव्हतं?"

"ते वारले," मी म्हटलं. "आणि नाही, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर सांगितलं असतं. ते तसे नव्हते."

खोटं बोलताना माझा आवाज जराही हलला नाही. तिनं हात जोडले, त्यांच्यासाठी, आणि दार लावून घेतलं.